केसभर उंच

मंगळवारी सकाळी कामावर आलो तर माझं स्टूल जागेवर नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या खिडकीखाली ते उभं होतं तिथे फरशीवर चार पायांचे चार फिकट गोल तेवढे उरले होते, आणि स्टूल लांब बाकाच्या पलीकडे, सबुरीच्या अगदी समोर नेऊन ठेवलं होतं. त्यावर चिठ्ठी. 'बारा वाजता जेवणाच्या खोलीत दोघांनीही यावे. प्रशिक्षण आहे.' खाली मालकांची सही. प्रशिक्षण! पन्नाशी उलटलेला माणूस मी, माझ्या हातच्या कवळ्यांनी हजारो लोक जेवतात, हसतात, एकमेकांवर ओरडतात, आणि मला प्रशिक्षण. कशाचं, तर भांडण मिटवायचं. जणू भांडण मी आणि सबुरीने मिळून, निम्मं निम्मं, वर्गणी काढून विकत आणलं होतं. सबुरी खाली मान घालून मेण तापवत होता. सबुरी हे काही त्याचं नाव नव्हे. कुणी घाई केली की 'सबुरीने, सबुरीने' म्हणतो, म्हणून पडलेलं. मला सगळे उस्ताद म्हणतात, आणि तसं म्हणा असं मी कुणाला सांगायला गेलो नव्हतो. मी स्टूल उचललं आणि पुन्हा खिडकीखाली, त्या चार गोलांवर बरोबर पाय येतील असं ठेवलं. सबुरीने वर पाहिलं नाही. आठ महिने त्याने वर पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे दंतवैद्यांकडून साचे येतात. प्लास्टरच्या हिरड्या, वरची आणि खालची, सोबत एक कागद, त्यावर वय आणि दातांचा रंग. साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात उभा करायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चकाकी आणायची. ज्या तोंडात ती कवळी जाणार ते तोंड आम्ही कधी बघत नाही. थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, एक पद्धत घालून दिलेली आहे. वरचा जबडा एकाने करायचा, खालचा दुसऱ्याने. शेवटी दोन्ही एका बिजागरीच्या यंत्रात बसवायचे, मध्ये निळा कागद धरायचा आणि यंत्र तोंडासारखं मिटवायचं. जो दात उंच असेल त्याच्यावर निळा डाग गडद उमटतो. ज्याचा जबडा त्याने तपासायचा, डाग त्यानेच घासायचा. दुसऱ्याच्या जबड्याला हत्यार लावायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे तरी कुठे लिहिलेलं असतं? थोरले मालक म्हणायचे, 'दोन्ही जबडे एकट्याने केले तर माणसाला आपली चूक गोड लागते.' मला हे कधीच पटलं नाही. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावेत. पण पद्धत ती पद्धत. वरचा मी करायचो, खालचा सबुरी, आणि एकोणीस वर्षांत आमची एकही कवळी परत आली नव्हती. आमचं कधी वाजलंही नव्हतं. नव्या माणसांना आमच्याकडे बोट दाखवून सांगायचे, बघा, असं जमवून घ्यावं.

आठ महिन्यांपूर्वी मी जेवायला गेलो आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. खोलीत कुणी नव्हतं. सबुरी माझ्या जागी बसला होता. माझ्या स्टुलावर, माझ्या खिडकीखाली. त्याच्या डाव्या हातात माझा वरचा जबडा होता, उजव्या हातात घासायची मोटर, आणि बोटांवर गुलाबी भुकटी. माझी डावीकडची दाढ तो घासत होता. तळपायाची आग मस्तकात जाते असं म्हणतात. माझी तर मस्तक फोडून छताला लागली असेल. 'चोर!' मी ओरडलो. प्लास्टरच्या खोलीतली माणसं पांढरे हात तसेच घेऊन दाराशी आली. सबुरीने मोटर बंद केली, जबडा फडक्यावर ठेवला, अगदी हळू, जणू झोपलेलं काही ठेवतोय, आणि म्हणाला, 'सबुरीने, उस्ताद.' बस, एवढंच. मी मात्र बोललो. माझं काम बिघडवून स्वतःचं नाव करायचंय का, किती दिवस चाललंय हे, लाज वाटते का. सगळं सगळ्यांसमोर विचारलं. तो बोटं पुसत राहिला. त्याचं ते मूग गिळून बसणंच मला जास्त झोंबलं. ज्याची बाजू खरी आहे तो बोलतो. मी आयुष्यभर बोलत आलोय.

दहा वर्षांचा होतो तेव्हाही बोललो होतो. वर्गातला पृथ्वीचा गोल कुणीतरी पाडला, त्याला भली मोठी खोक पडली, आणि मास्तरांनी मला उभं केलं. मी नाही, म्हणालो. त्यांनी डाव्या कानाखाली वाजवली. मी नाही, मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. त्यांनी पुन्हा वाजवली, तिथेच. त्या दिवसापासून माझा डावा कान अर्धा गेला. नंतर कळलं की गोल खुद्द मास्तरांच्याच भाच्याने पाडला होता, पण माझा कान काही कुणी परत आणून दिला नाही. आई मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि भर वर्गात मास्तरांना म्हणाली, 'आधी ऐकायचं, मग मारायचं. तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही का?' तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची ती फिरून माझ्या उजव्या बाजूला येऊन. बोलता बोलता पदराने हात पुसत ती कधी बाजू बदलायची हे मलाही कळायचं नाही. मी माझ्या बाजूने मान थोडी वळवून घ्यायला शिकलो, आणि ती तशीच राहिली. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तीन वेळा येऊन माझी हनुवटी सरळ केली होती. बायको म्हणते, 'प्रत्येक फोटोत तुम्ही कुणाची तरी चहाडी ऐकत असल्यासारखे दिसता.'

तर त्या दुपारनंतर आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायला लागलो. बोलायचं असेल ते चिठ्ठीवर. 'खालचा झाला.' 'वरचा सोमवारी.' आणि मग कवळ्या परत यायला लागल्या. आठ महिन्यांत सहा. 'रुग्णाला डावीकडे टोचते.' 'डावीकडे हिरडीला जखम.' एकोणीस वर्षांत एक नाही आणि आठ महिन्यांत सहा! याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. खालच्या जबड्यात काहीतरी करून तो माझ्यावर सूड उगवत होता. मी मालकांना तसं स्पष्ट सांगितलं. मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हातातल्या फोनवरून नजर न काढता ऐकणारे. म्हणाले, 'तुम्ही दोघं मिटवून टाका बघू. सातवी कवळी परत आली तर एकाला प्लास्टरच्या खोलीत जावं लागेल.' प्लास्टरच्या खोलीत बादल्या असतात. तिथे नवी माणसं प्लास्टर कालवायला शिकतात. दोघांपैकी कोण, ते मालक बोलले नाहीत. पण फोनवरून नजर उचलून एकदाच माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलं, आणि त्या नजरेने मला आठ दिवस झोप लागली नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? हा हात आहे.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, आई. पाच महिन्यांपूर्वी तिचे शेवटचे चार दात काढले. कवळी अर्थातच मी करणार होतो. खालचा जबडा सबुरीला देण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या आईच्या तोंडात त्याचा हात? दोन्ही मीच केले. सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या कार्यशाळेत, माझ्या खिडकीखाली, आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. आईने ती घातली, आरशात पाहिलं, आणि म्हणाली, 'छान आहे रे. डावीकडे जरा लागतं.' सवय होईल, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा, लागतंय. सवय होईल. रोज सकाळी चहाबरोबर तेच. मी वर्तमानपत्र वाचायचो, ती सांगायची. मी पान उलटायचो, ती सांगायची. महिना-दीड महिना तिने दातांच्या कण्या केल्या, आणि मीच करून दिलेल्या दातांच्या. एके दिवशी तिने कवळी काढून वाटीत, पाण्यात ठेवली. 'एकोणीस वर्षांत माझी एक कवळी परत आलेली नाही,' मी म्हणालो. हे तेव्हाच खोटं होतं, तोवर तीन आल्या होत्या. ती म्हणाली, 'म्हणजे माझी हिरडी खोटं बोलते?' मी म्हणालो, 'हिरडी नाही, तुझा हट्ट बोलतो.'  दुपारी आईने पिशवी भरली आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली, वाटी रुमालात बांधून. त्याला तीन महिने झाले. धाकटी फोनवर सांगते, आई पाव दुधात बुडवून खाते, सहा किलो उतरली, तुझ्याशी बोलायचं का विचारलं तर नाही म्हणून मान हलवते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार? पण मी देत होतो. आईलाही देत होतो. इकडे एक मुकाट्याने माझं काम बिघडवतोय आणि तिकडे दुसरी ते तोंडातच घेत नाही, आणि दोघांच्या मध्ये मी, ज्याने काहीही केलेलं नाही. पुन्हा तोच वर्ग, तोच फुटलेला गोल.

बारा वाजता जेवणाच्या खोलीत गेलो. टेबलं भिंतीला लावून मध्ये तीन खुर्च्या मांडल्या होत्या, आणि तिसरीत एक तिशीतली बाई, पायात पळायचे बूट, मांडीवर वही. मला 'सर' म्हणाली, सबुरीलाही 'सर' म्हणाली. सर! एकाच मापाने दोघांना मोजायचं, हीच मुळात या लोकांची लबाडी असते. सुरुवात तिने अपेक्षेप्रमाणे केली. 'एका हाताने टाळी वाजत नाही, हे तर आपण मानतो ना?' मी म्हणालो, 'टाळी नाही वाजत. थोबाडीत एकाच हाताने वाजते.' मला वाटलं ती चिडेल. ती हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मग कपाटावर ठेवलेल्या नमुन्याच्या कवळीकडे पाहून म्हणाली, 'तुमच्याच कामात बघा, वरचा आणि खालचा जबडा जुळला तरच...' 'बाई,' मी म्हणालो, 'ते आम्हाला नका सांगू. आम्ही ते रोज करतो.' सबुरीच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. हसला असेल तर माझ्यावरच.

तिचा खेळ असा होता: एकाने आपलं म्हणणं सांगायचं, थोडं थोडं. दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. फक्त जे ऐकलं ते आपल्या तोंडाने परत सांगायचं. पहिला 'हो, असंच' म्हणेपर्यंत. मग पुढचं वाक्य. 'आधी हे सर,' तिने सबुरीकडे हात केला. मी उसळलो. 'का? अपराध त्याने केला.' 'तुमचं म्हणणं मला मालकांकडून कळलंय, रस्त्यापलीकडच्या दुकानदाराकडूनही कळलं,' ती म्हणाली. 'यांचं कुणालाच माहीत नाही.' खोलीच्या काचेबाहेर प्लास्टरवाले डबे हातात घेऊन उभे होते, उशीर होतोय म्हणून, की मजा बघायला म्हणून, देव जाणे. मी खुर्ची सरकवली. सबुरी माझ्या डाव्या हाताला होता, म्हणून सवयीने मान वळवली. तो माझ्या वळलेल्या मानेकडे बघत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा वर बघत होता.

'त्या दिवशी मी तुझं काम बिघडवत नव्हतो,' तो म्हणाला. 'बसवत होतो.'

'त्या दिवशी हा माझं काम बिघडवत नव्हता म्हणे,' मी म्हणालो. 'बसवत होता म्हणे.'

'म्हणे नको,' बाई म्हणाली. 'त्यांनी म्हणे म्हटलं नाही.'

शब्द साधे होते, माझ्या रोजच्या मराठीतले, पण 'म्हणे' काढल्यावर तोंडात मावेनात. बसवत होता, मी म्हणालो. सबुरी म्हणाला, हो, असंच. आणि मग तो बोलत गेला, थांबत थांबत, प्रत्येक वाक्यानंतर माझी वाट बघत, आणि ते प्रत्येक वाक्य मला माझ्या आवाजात, माझ्या जिभेने, काचेबाहेरच्या पाच-सहा माणसांच्या साक्षीने म्हणावं लागलं. तुझ्या डावीकडच्या दाढा उंच असतात. माझ्या डावीकडच्या दाढा उंच असतात. फार नाही, केसभर. फार नाही, केसभर. तू ऐकायला मान वळवतोस आणि काम करतानाही ती तशीच राहते, म्हणून डावी बाजू तुला खाली गेलेली दिसते, मग तू ती चढवतोस. यंत्र मिटवताना तू ते हातात उचलतोस आणि उजवीकडून दाबतोस, म्हणून निळा कागद तुला दोन्हीकडे सारखा दिसतो. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं. तू जेवायला गेलास की मी ती घासायचो. 'किती दिवस?' मी विचारलं. बाईने बोट वर केलं, प्रश्न नाही. सबुरी तरीही म्हणाला, 'रोज. एकोणीस वर्षं.' मला ते परत सांगायचं होतं. मी कपाटावरच्या नमुन्याच्या कवळीकडे बघत बसलो. 'मग तू चोर म्हणालास,' तो म्हणाला, 'आणि मी हात लावणं सोडलं.' बाहेर कुणाचा तरी डबा फरशीवर पडला. एकोणीस वर्षांत एकही परत नाही, हे मी लग्नांत सांगितलं होतं, आजारी माणसाच्या उशाशी सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं. मी स्वतःला म्हणताना ऐकलं, 'मग मी चोर म्हणालो आणि याने हात लावणं सोडलं.' हो, असंच, सबुरी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बघून मला असा काही संताप आला की मी खुर्चीवरून उठलो.

'आता माझं,' मी म्हणालो. 'घे, सांग परत. तू मला एकोणीस वर्षं सांगितलं नाहीस.' मी तुला एकोणीस वर्षं सांगितलं नाही, तो म्हणाला. 'तू मला जगासमोर उस्ताद म्हणू दिलंस आणि मागून माझं पुसत राहिलास. पोराचं पुसतात तसं.' त्याने तेही सांगितलं, एकही शब्द न गाळता, लाल होऊन. 'तू एकदा म्हणाला असतास, उस्ताद, डावी बघ, तर मी पहिल्या महिन्यात शिकलो असतो. माझा हात सुधारला असता. तू मला तो सुधारू दिला नाहीस. हा चांगुलपणा नाही, ही चोरीच आहे, मी बरोबरच म्हणालो होतो!'  सबुरी खेळाचा नियम मोडून म्हणाला, 'सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?' 'ते तू माझ्यावर सोडायचं होतंस,' मी ओरडलो. बाई मध्ये पडली नाही. पेन खाली ठेवून आमच्याकडे बघत होती. एक वाजला, दार उघडलं, माणसं डबे घेऊन आत आली आणि टेबलं ओढायला लागली. बाईने बूट घट्ट बांधले, वही पिशवीत टाकली आणि म्हणाली, 'आज एवढं पुरे. भांडण मिटलेलं नाही, पण आता निदान खरं भांडण सुरू झालंय.' याचे म्हणे तिला पैसे मिळतात.

जेवण गेलं नाही. मी बाकावर जाऊन सकाळी पुरा केलेला जोड यंत्रात बसवला, आणि या खेपेला यंत्र हातात घेतलं नाही. टेबलावर सपाट ठेवलं, निळा कागद सरकवला आणि वरचा जबडा त्याच्या वजनाने पडू दिला. उजवीकडे माशीच्या पायांएवढे ठिपके. डावीकडे दोन दाढांवर गडद निळे डाग, शाईची बाटली लवंडावी तसे. मी कागद बदलला, पुन्हा केलं. चष्मा पुसला, पुन्हा केलं. दुसरा जोड काढला, तिसरा काढला. प्रत्येकात डावीकडे तेच दोन डाग, एखाद्याची सही असावी तशी माझी सही. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो ठेवायला जागाच सापडेना. सबुरीवर ठेवावा तर त्याने सहा महिने-वर्ष नव्हे, निम्मं आयुष्य आपलं अर्धं जेवण सोडून माझ्या दाढा घासल्या होत्या. मास्तरांवर ठेवावा तर ते केव्हाच वारले. आणि मग ती वाटी आठवली. रुमालात बांधलेली. दोन्ही जबडे मीच केले होते, सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी मागून येऊन पुसायला कुणी नव्हतं. सहा किलो.

मी खिडकीकडून उठलो आणि सबुरीच्या समोर जाऊन उभा राहिलो. आवाज मऊ करायचा प्रयत्नही केला नाही. 'रविवारी मोकळा आहेस का?'

'कशाला?'

'आईची कवळी बघायचीय.'

'खालचा कुणी केला?'

'दोन्ही मीच केलेत.'

सबुरीने हातातलं मेण खाली ठेवलं. 'अरे देवा,' तो म्हणाला. फक्त तेवढंच म्हणाला, पण त्या दोन शब्दांसाठी मी त्याला पुढची दहा वर्षं माफ करणार नाही.

रविवारी आम्ही धाकटीच्या घरी गेलो, तो पुढे, मी मागे, मोटरची पेटी माझ्या हातात.  त्याने एकदा पेटी घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही. आई खिडकीशी बसली होती. गाल आत गेलेले, हनुवटी पुढे आलेली, आणि हे सगळं मी फोनवर 'सहा किलो' म्हणून ऐकलं होतं. तिने मला पाहिलं, मग माझ्यामागे सबुरीला पाहिलं, आणि त्याला म्हणाली, 'बसा.' मला काही नाही. धाकटी वाटी घेऊन आली. पाणी रोज बदललेलं होतं, स्वच्छ होतं. तीन महिने न घातलेल्या कवळीचं पाणी आई रोज बदलत होती. मी निळ्या कागदाचा तुकडा फाडला, आईच्या तोंडात कवळी बसवली, आणि म्हणालो, 'चाव.' तिने चावलं. तिच्या कपाळाला आठी पडली. कवळी बाहेर काढून मी उजेडात धरली. बघायची गरज नव्हती, तरी पाहिली. डावीकडे तेच दोन डाग. मोटर लावली, हत्यार बसवलं, आणि माझी मान आपोआप वळलेली मला पहिल्यांदाच जाणवली. सरळ केली. पुन्हा वळली. तेव्हा मी कवळी सबुरीपुढे धरली. 'घास,' मी म्हणालो. माझ्या आवाजात विनंती नव्हती, रागच होता, पण हात मात्र पुढे होता. 'तुझा जबडा आहे,' तो म्हणाला. 'नियम आहे.' 'नियम गेला खड्ड्यात. घास. पण माझ्या डोळ्यांसमोर घास, आणि कुठे आणि किती ते मोठ्याने सांगत.'

तो खिडकीशी गेला आणि सांगत सांगत घासू लागला, इथे, आता इथे, आता पुरे, बघ. गुलाबी भुकटी धाकटीच्या फरशीवर पडत होती. मी वाकून बघत होतो. आईने हे सगळं पाहिलं आणि सबुरीला विचारलं, 'हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?' 'हो,' सबुरी म्हणाला. 'मग सांगितलं का नाही याला?' सबुरी कवळीकडे बघत राहिला. 'भांडण नको म्हणून,' म्हणाला. 'मी सांगत होते,' आई म्हणाली. 'रोज सकाळी सांगत होते.'

सबुरीची मोटर थांबली होती.  मी मंगळवारपासून जो राग घेऊन फिरत होतो तो याच्यावर होता, की मला कुणी सांगितलं नाही. आणि एक माणूस चहाचा कप हातात घेऊन रोज माझ्या उजव्या बाजूला येऊन बसत होता, मला ऐकू येईल अशा बाजूला, आणि तेच एक वाक्य सांगत होता, आणि मी पान उलटत होतो. आधी ऐकायचं, मग मारायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही.

आईने कवळी घातली. दात दोनदा मिटले, टक, टक, आणि धाकटीने पावाचा कडक काठ तिच्यापुढे धरला. आईने तो मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. आम्ही तिघंही उभे, जणू निकाल ऐकायला. घास गिळून झाल्यावर तिने गालावर हात ठेवला. 'डावीकडे आता काही नाही,' ती म्हणाली. सबुरीने श्वास सोडला. मग ती उठली, हळूच फिरून माझ्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, 'उजवीकडे जरा टोचतंय.'

'सवय होईल' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी निळ्या कागदाचा दुसरा तुकडा फाडला आणि म्हणालो, 'कुठे, दाखव.'